धुण्याआधी खिसे

मशीन मधेच थांबली तेव्हा पल्लवीला आधी वाटलं, लाईट गेली. पण स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता. मशीनच्या गोल काचेआड पाणी अर्ध्यापर्यंत उभं होतं. त्यात नवऱ्याच्या दोन पँटी, शर्ट, मुलीचा, प्रज्ञाचा, शाळेचा ड्रेस आणि एक चादर असं सगळं एकमेकांत गुंतून पडलं होतं. वरचा लाल दिवा लुकलुकत होता आणि दर थोड्या वेळानं मशीन पी-पी करून ओरडत होती.

रविवार होता. कापसाचा हंगाम चालू, म्हणून तिच्या नवऱ्याला, प्रवीणला, सुट्टी नव्हती. पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये तो काट्यावर बसायचा, गाड्यांची वजनं घ्यायचा. पल्लवी सौसरच्या एका शाळेत अतिथी शिक्षिका होती. रोज सकाळची बस, संध्याकाळची बस. धुण्यासाठी तिला एक रविवारच मिळायचा, आणि आता तोही या पाण्यात अडकला होता.

तिनं दुकानात फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, मेकॅनिक मंगळवारी येईल. तोवर चालू-बंद करून पाहा."

तिनं चालू-बंद करून पाहिलं. नुसतं पाणी काढायचं बटण दाबलं. आतून मोटरचा हुं-हुं असा कण्हल्यासारखा आवाज आला आणि बंद पडला. पाणी होतं तिथंच होतं.

मग तिनं प्रवीणला फोन केला. मागून ट्रॅक्टरचे हॉर्न ऐकू येत होते.

"तू हात नको लावू," तो म्हणाला. "गॅरंटीमधली आहे. उगाच काही तुटलं तं ते लोकं हात वर करतीन."

"उद्या काय घालून जान कामावर?"

"काहीही घालीन. ठेव आता, गाड्या लागून आहे."

पल्लवीनं फोन ठेवला आणि साडीचा पदर खोचला. मशीन थोडी थोडी सरकवत भिंतीपासून पुढे ओढली. मागची नळी कुठं मुडपली आहे का, हे बोटांनी चाचपत गेली. नळी सरळ होती. तिचं टोक न्हाणीच्या भोकातून उपसून खाली बादलीत सोडलं. चार थेंब पडले, बस. म्हणजे नळीत काही नव्हतं, न्हाणीही तुंबली नव्हती. जे काही अडलं होतं ते मशीनच्या पोटातच होतं.

"काऊन ओढून राहिली तिले?" आतल्या खोलीतून सासूबाईंनी, शांताबाईंनी विचारलं.

"पाणी सोडून नाही राहिली आई."



शांताबाईंचा उजवा हात अजून पट्ट्यात होता. दिवाळीच्या आधी त्या न्हाणीत घसरल्या आणि मनगट मोडलं. त्याच्यामुळेच तर ही मशीन आली. तेव्हा त्यांनी केवढा विरोध केला होता! "मशीन नोको. कपडे घासत नाही ते, नुसते फिरवते. माहा हात बरा होईपर्यंत इंदूले बोलावतो." इंदू म्हणजे प्रवीणची मोठी बहीण, जाम नदीच्या पलीकडे सावरगावात दिलेली. ती बिचारी काही दिवस पूल ओलांडून भावाचे कपडे धुवायला आलीही. पण तिच्या घरी तिचा संसार, तिची म्हातारी सासू. पल्लवीलाच लाज वाटली आणि तिनं मशीन आणली. मशीन आल्यावरही शांताबाई एका हातानं प्रवीणच्या पँटी बाजूला काढून ठेवायच्या. "थांब, मी देतो तुले पाहून," म्हणायच्या. गेल्या काही आठवड्यांत मात्र गुडघ्यांनीही त्रास द्यायला सुरुवात केली, त्यांचं उठणं कमी झालं, आणि पल्लवी रविवारच्या कामांच्या घाईत टोपल्यातले कपडे तसेच मशीनमध्ये कोंबायला लागली.

सासू मुलाचे कपडे वेगळे काढते, याचं पल्लवीला कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट रामाकोन्याला माहेरी गेली की ती आईला कौतुकानं सांगायची, "यांची तब्येत बिघडल्यापासून यांचे सगळे कपडे आई धुते. मले म्हनते, तुही शाळा, पोरगी, वरून त्याचा वेगळा सैपाक. एवढं तरी मी करतो." आईनं शेजारपाजारी सांगितलं होतं, माह्या पोरीले अशी सासू भेटली म्हणून.

प्रवीणची तब्येत म्हणजे त्याचं तोंड. ते उघडेनासं झालं होतं.

बोरगावच्या एका लग्नात ते पहिल्यांदा कळलं. पाणीपुरी त्याच्या तोंडात जाईना. तो हसून म्हणाला, "यायनं पुऱ्याच मोठ्या केल्या." पण घरी येऊन पल्लवीनं पाहिलं तर जांभई देतानाही त्याचा जबडा अर्ध्यावर अडत होता. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याच्या दातांमध्ये आपली बोटं उभी घालून पाहिली. दोनच गेली, तीही ओढूनताणून. गाल आतून पांढरे पडले होते, चामड्यासारखे ताठ. डॉक्टरांनी खर्रा किती वर्षांपासून खाता एवढंच विचारलं. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घासायचा आणि गालात धरायचा, हे प्रवीण कॉलेजच्या आधीपासून करत होता. "आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "नाही केलं तर पुढे काय होते ते तुमच्या गावात तुम्ही पाहिलंच असेल."

त्या संध्याकाळी घरातल्या बुद्धमूर्तीसमोर प्रज्ञाच्या डोक्यावर हात ठेवून प्रवीणनं शपथ घेतली. शांताबाई रडल्या. पल्लवीही रडली, पण तिला आतून हलकं वाटलं होतं. रोगाचं कारण हातात आहे, ते सोडलं की झालं, एवढा सरळ हिशेब होता.

तेव्हापासून घरात तिखट बंद झालं. प्रवीणच्या तोंडाची आग व्हायची, आणि त्याच्यासमोर आपण तर्री ओरपायची हे पल्लवीला बघवेना. वरणात कुस्करलेली पोळी, दूधभात, पातळ खिचडी. आठ वर्षांची प्रज्ञाही तेच खायची आणि डब्यात दुसऱ्या मुलींच्या भाज्या मागायची. रोज संध्याकाळी पल्लवी प्रवीणला समोर बसवायची आणि आईस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून त्याच्या दातांमध्ये सरकवायची. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम होता तो. दर महिन्याला एक काडी वाढायला हवी होती. वाढत नव्हती. कधी कधी तर एक काढून घ्यावी लागायची.

पल्लवीनं त्याच्यासाठी डॉक्टर बदलून पाहिला. हळद-तूप लावून पाहिलं. गोळ्या वेळेवर दिल्या, गालात सुया टोचून घ्यायला त्याला रजा काढून नेलं. दर वेळी डॉक्टर विचारायचे, "खर्रा बंद आहे ना?" आणि प्रवीणच्या आधी तीच मान हलवायची. "एकदम बंद आहे सर. मी लक्ष ठेवते." मग परत येताना तिला वाटायचं, आपल्याच हातून काही राहून जात असेल. भाजीत मीठ जास्त पडत असेल. काड्या आपण भीत भीत घालतो म्हणून जबडा सैल होत नसेल.

मशीनसोबत आलेलं पुस्तक तिनं शोधून काढलं. शेवटच्या पानावर चित्र होतं. मशीनच्या खाली, उजव्या कोपऱ्यात एक छोटं झाकण, त्याच्या आत एक बारीक नळी आणि एक गोल बूच. तिनं प्लग काढला. नाण्यानं झाकण उचकटलं. जमिनीवर पालथी पडून बारीक नळीचं तोंड उघडलं आणि खाली परात धरली. गढूळ, साबणाचं, थंडगार पाणी यायला लागलं. परात भरली की न्हाणीत ओतायची, पुन्हा लावायची. थंडीचे दिवस होते, तिचे हात कोपरापर्यंत बधिर झाले. काचेआडचं पाणी हळूहळू उतरलं, कपडे तळाशी बसले.

मग ती बूच फिरवायला लागली. ते घट्ट होतं. ओल्या फडक्यानं धरून पिळलं तेव्हा कुठं फिरलं. उरलेलं पाणी एकदम फरशीवर आलं आणि त्या पाण्याबरोबर वास आला.

तो वास तिला ओळखीचा होता. लग्न झालं तेव्हापासून तो तिच्या उशीवर होता. चुन्यात भिजलेल्या तंबाखूचा वास, साबणानंही न गेलेला.

बुचाच्या मागची जाळी बाहेर आली, तेव्हा तिला पन्न्यांचा गोळा गुंडाळलेला होता. पातळ, पारदर्शक पन्न्या, पिळून दोरीसारख्या झालेल्या. त्यांच्यात रबर बँड अडकले होते, आणि सुपारीचे तुकडे. एक रबर बँड आत पाणी उपसणाऱ्या पंख्याच्या पात्याला आवळून बसला होता, म्हणून मोटर कण्हत होती. पल्लवीनं तो नखानं तोडून काढला. मग उठून दार उघडलं आणि दाराच्या रबराच्या घडीत बोट घालून पाहिलं. तिथं आणखी एक पन्नी होती. ती तर पूर्ण रिकामीही झाली नव्हती, तळाशी चिमूटभर खर्रा होता.

ती तशीच ओल्या फरशीवर बसली. पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते हेच, की या कुणा दुसऱ्याच्या असतील. दुकानात मशीन कुणी वापरली असेल. मग तिला आपल्याच मूर्खपणाची चीड आली. मशीनचं खोकं तिनं स्वतः फोडलं होतं.

भिंतीला धरत धरत शांताबाई दारात आल्या. त्यांनी फरशीवरचं पाणी पाहिलं, परात पाहिली, आणि मग पल्लवीच्या हातातलं पाहिलं.

"आई, हे काय होय?"

शांताबाईंनी पट्ट्यातला हात दुसऱ्या हातानं सावरला. त्या म्हणाल्या, "मी म्हनलं होतं तुले. मशीन नोको म्हनून."

त्या वाक्याचा अर्थ पल्लवीला एकदम कळला नाही. म्हातारी नेहमीचंच बोलते आहे, असं वाटून ती पुढचं विचारायला गेली, आणि मधेच थांबली. टोपल्यातून वेगळ्या काढलेल्या पँटी. सावरगावहून धावत येणारी इंदू. थांब, मी देतो तुले पाहून.

"तुम्हाले माहीत होतं," ती म्हणाली.

"रोज नाही खात तो. कामावरचं टेन्शन असते..."

"आई, तुम्हाले माहीत होतं. तुम्ही खिसे खाली करत होत्या. इंदूताईलेही माहीत होतं."

"इंदूले मीच सांगतलं होतं. तिची काई गलती नाही." शांताबाई तिथंच दाराच्या चौकटीला टेकून खाली बसल्या. "त्यानं सोडला होता व माय. खरंच सोडला होता. पण हात थरथर कापे त्याचे, जेवन जाये ना, रात्रभर येरझारा मारे. तू थकून झोपून राहे, तुले नाही दिसे. मंग एक दिवस खिशात भेटली पन्नी. मी विचारलं तं पाय धरले त्यानं माहे. म्हने, पल्लवीले सांगशीन तं ते पोरीले घेऊन रामाकोन्याले चालली जाईन."

"आन तुम्ही नाही सांगतलं."

"घर मोडलं असतं."

"आन तो मेला तं?" पल्लवीचा आवाज चढला. "तो मेला तं घर राहते का, आई? मी सालभर बिनतिखटाचं खाऊन राहिली, पोरगी खाऊन राहिली. काड्या घालून राहिली त्याच्या तोंडात. तुम्ही बाजूले बसून पाहत होत्या सगळं."

"मले वाटे, कमी कमी करत सोडीन."

"म्हनून पन्न्या फेकत होत्या?"

 शांताबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आज त्या पाण्याकडे पाहून पल्लवीला काही वाटेना. म्हातारी वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं गेलं असतं. पल्लवीला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारी बाई होती ती. पण तिनं लेकाचं मरण आणि सुनेचं भांडण अशी दोन पारडी धरली, आणि तिला भांडणाचीच जास्त भीती वाटली.

पल्लवीनं बूच पुन्हा लावलं, घट्ट फिरवलं. झाकण बसवलं. मशीन भिंतीला सरकवून चालू केली. पाणी नळीतून धो-धो बाहेर पडलं, कपडे गरगर फिरले. तिनं ते काढून अंगणात वाळत घातले, प्रवीणचेसुद्धा. पन्न्यांचा गोळा मात्र तिनं खिडकीच्या कट्ट्यावर तसाच ठेवला.

दिवेलागणीला प्रवीण आला. अंगावर, केसांत कापसाचे तंतू. दारातूनच त्यानं दोरीवरचे कपडे पाहिले.

"मेकॅनिक येऊन गेला का?"

"नाही. मीच काढलं पानी."

"अरे वा. काय अटकलं होतं?"

पल्लवीनं कट्ट्याकडे बोट दाखवलं. प्रवीण जवळ गेला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. त्याच्या मानेवरची शीर उडताना तिला दिसली. तो माफी मागेल, असं तिला वाटलं. दुपारपासून तिनं मनात तेवढंच ठरवून ठेवलं होतं, की तो रडला, खाली बसला, तर आपण काय बोलायचं. तो जुन्या पन्न्या आहेत असं खोटं बोलला तरी काय बोलायचं, हेही तिनं ठरवलं होतं.

तो सरळ झाला. त्याचा चेहरा तांबडा झाला होता.

"मंग खिसे पाहत जाय न धुवायच्या आधी," तो म्हणाला. "आई पाहे."

ज्यावर काय बोलायचं हे पल्लवीनं ठरवलंच नव्हतं, असं हे उत्तर होतं.  त्याला स्वतःचं वाक्य ऐकू आलं असावं, कारण तो लगेच मोठ्यानं बोलायला लागला. काट्यावर दिवसभर धूळ खावी लागते, सगळेच खातात, एखादवेळी घेतला तर काय आभाळ कोसळते, नवरा मेहनत करते ते नाही दिसत, चार पन्न्या दिसते. आतल्या खोलीतून शांताबाई "हळू बोल रे, पोरगी आयकून राहिली," म्हणाल्या. प्रज्ञा ऐकतच होती. ती बापाच्या चेहऱ्याकडे पाहत होती आणि एक हात तिनं आपल्याच डोक्यावर ठेवला होता. प्रवीणला ते दिसलं तेव्हा तो चपला घालून बाहेर निघून गेला.

त्या दिवशी पल्लवीनं वांग्याची भाजी केली. लाल मिरचीची, वर तेल आलेली. ती आणि प्रज्ञा ताटं घेऊन बसल्या. प्रज्ञाच्या नाकातून पाणी आलं तरी ती खात राहिली. प्रवीणची खिचडी झाकून ठेवली होती.

त्यानंतर पल्लवी माहेरी गेली नाही. शाळेतून येता-जाता रामाकोन्याचा विचार रोज मनात यायचा. पण तिथं जाऊन आईला काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं. तिकडे अजून तिच्या सासूचं कौतुक चालू होतं. ती पांढुर्ण्यातच राहिली, शाळेत गेली, रविवारी कपडे धुतले. प्रवीणच्या खिशांत आता काही नसायचं. पल्लवीला त्याचा आनंद झाला नाही. तो घरी यायच्या आधी खिसे झाडायला शिकला, एवढंच तिला त्यातून कळलं. काड्यांचा व्यायाम बंद पडला. तिनं बोलावलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

उन्हाळा लागता लागता त्याच्या डाव्या गालात आतून जखम झाली. भरून येईना. पाणी प्यायला तरी तो डोळे मिटून घ्यायचा. शांताबाईच एक दिवस म्हणाल्या, "त्याले नागपूरले ने व." पल्लवीनं रजा टाकली.

डॉक्टरांनी बॅटरी धरून बराच वेळ पाहिलं. मग हात धुता धुता नेहमीचा प्रश्न विचारला, "खर्रा बंद आहे ना?"

"हो सर. वर्ष-दीड वर्ष झालं," प्रवीण म्हणाला.

डॉक्टरांनी सवयीनं पल्लवीकडे पाहिलं. तिची मान हलणारच होती. इतक्या वेळा हलवली होती, की ती आपोआप हलायची.

"नाही सर," ती म्हणाली. "खातात हे. कधीच बंद झाला नव्हता."

प्रवीणनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं भर चौकात त्याच्या अंगावरचे कपडे ओढले. डॉक्टर रागावले नाहीत. कागदावर काही तरी खोडून त्यांनी दुसरं लिहिलं. गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, म्हणाले, आणि तो त्याच दिवशी काढला. रिपोर्टसाठी पुढच्या आठवड्यात बोलावलं. "आधी खरं कळलं असतं तर," एवढं बोलून ते थांबले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

स्टेशनवर येईपर्यंत प्रवीण तिच्या दोन पावलं पुढेच चालत होता. घरून फोन आला तो त्यानंच घेतला, कापूस कोंबलेल्या गालानं कसंबसं काही सांगितलं, आणि फोन पल्लवीच्या हातात दिला. पलीकडून शांताबाई रडत होत्या. "डाक्टरसमोर असं बोलाले नव्हतं पाह्यजे व माय. इज्जत काढली त्याची. असा बिमार मानूस..."

"ठेवतो आई," पल्लवी म्हणाली. "गाडी आली."

गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. प्रवीण समोर बसला. त्याचा गाल सुजला होता आणि ओठांच्या कोपऱ्यातून दिसणारा कापूस ओला झाला होता. तो बाहेर बघत होता. संत्र्याचे बगीचे मागे जात होते, कुठं पाण्याविना पिवळे पडलेले. पल्लवीला त्याची कीव आली. तो लहान मुलासारखा दिसत होता, ज्याला मारलं आहे आणि मारणाराही घरचाच आहे. तिनं पिशवीतून बाटली काढून त्याच्यापुढे धरली. त्यानं घेतली नाही.

काटोलला गाडी थांबली. तो उठला.

"कुठं चालले?"

"पानी आनतो," तो दुसरीकडे पाहत म्हणाला.

बाटली तिच्या मांडीवर होती, भरलेली.  तो दारातून उतरला आणि प्लॅटफॉर्मवरच्या गर्दीत डावीकडे वळला. खिडकीतून मान बाहेर काढली असती तर तो कुठं जातो ते तिला दिसलं असतं. एक बाई कडेवर पोर घेऊन आली आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, "इथं कोनी हाय का?"

"हो," पल्लवी म्हणाली. "येतातच."

तिनं आपली पिशवी त्याच्या जागेवर ठेवली आणि खिडकीची काच खाली ओढून घेतली.